कोंड्याला विकलेली

उल्हासनगरात जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे मी एकतीस वर्षं बसले. किती नावं लिहिली त्याची गणती नाही. कॅम्प एकमधले सिंधी बाप राशीचं अक्षर चिठ्ठीवर लिहून आणायचे आणि ‘मॅडम, क से कुछ अच्छा बताओ ना’ म्हणत मलाच कामाला लावायचे. बौद्ध घरांतले लोक नाव घरूनच ठरवून यायचे, यशोधरा, विक्रांत, आणि काना-मात्रा नीट पडला का ते खिडकीतून वाकून बघायचे. डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायकांना मुलाची जन्मतारीख सांगता यायची नाही, पण नाव विचारलं की एका दमात सांगायच्या. माणूस कागदावर पहिल्यांदा उतरतो तो माझ्या हातून, असा मला थोडा तोराच होता.

माझं नाव हन्ना वाक्रुळकर. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी माणसं. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी अंबरनाथला आले आणि आम्ही इथलेच झालो. आमची नावं पुस्तकातली, म्हणजे शास्त्रातली. हन्ना म्हणजे कृपा. त्या हन्नाला मूल होत नव्हतं, तिने देवळात जाऊन रडून मागितलं, आणि झालेल्या मुलाचं नाव शमुएल ठेवलं. माझं नाव हन्ना असल्यावर माझ्या मुलाचं नाव दुसरं काय असणार? शमुएल. लोक त्याचा अर्थ ‘देवाने ऐकलं’ असा सांगतात. पुस्तकातली हन्ना म्हणते, ‘मी मागून घेतला म्हणून.’ पंडितांनी काय वाद घालायचे ते घालावेत, मी आईच्या बाजूची. आमच्या शमुएलला मात्र सगळं बदलापूर सॅमी म्हणतं.

आमच्या समाजात मुलाचं नाव ठेवायचं असलं की फोन मला येतो. इस्राएलमधल्या अश्दोदहून येतो, ठाण्याहून येतो, पनवेलहून येतो. ‘हन्ना मावशी, रूथचा अर्थ काय? तामार कसं वाटतं?’ मी लगेच सांगते. रूथ म्हणजे मैत्रीण, तामार म्हणजे खजुरीचं झाड. पुस्तक उघडावं लागत नाही. हीच माझी हुशारी माझ्या घरच्यांना भोवली असं मला बरीच वर्षं वाटत होतं, आणि ते कुणाजवळ बोलायची सोय नव्हती.

त्याचं असं झालं. माझी सून दीना पहिल्यांदा गरोदर राहिली तेव्हा मी चौथ्या महिन्यातच नाव काढून ठेवलं. मुलगी झाली तर नामी. नामी म्हणजे गोडवा. काढून ठेवलं ते ठेवलं, वर सगळ्यांना फोन करून सांगितलं. पाचव्या महिन्यात पोट रिकामं झालं. दुसऱ्या वेळी मुलगा असेल म्हणून बेन्यामीन ठरवलं, उजव्या हाताचा मुलगा. तो जन्मला आणि दोन दिवस राहिला. जन्माआधी नाव उच्चारायचं नाही हे आमच्या म्हाताऱ्यांनी हजारदा सांगितलेलं. पण तीस वर्षं नावं लिहून माझी जीभ सैल झाली होती. दीना मला एका शब्दाने काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या वेळी मी तोंडाला कुलूप घातलं. मनातलं नाव मात्र मनातच होतं, सिपोरा. माझ्या आईचं नाव. सिपोरा म्हणजे चिमणी, आणि अलिबागेकडच्या आमच्या गावात तिला सगळे चिमाबाईच म्हणायचे. तेव्हाची पद्धतच होती ती. प्रार्थनेत शमुएल आणि अंगणात समाजी, प्रार्थनेत अब्राहम आणि बाजारात आबाजी. आई एक्याण्णव वर्षांची होऊन गेली. तिच्या नावाचं आता कुणी उरलं नव्हतं. माझी बहीण इस्राएलला गेली, तिच्या नातींची नावं फॅशनची. सिपोरा पुढे न्यायची ती मीच, आणि माझ्याकडे ही एकच वाट होती.

मुलगी आठव्या महिन्यातच झाली, नोव्हेंबरात. सव्वा किलोची. तेवीस दिवस हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. पायाला पट्टी होती, ‘दीना यांचे बाळ’. तिथल्या डॉक्टरणीने आणि नर्सेसनी त्या मुलीसाठी जे केलं त्याला तोड नाही. मी रोज अंबरनाथहून जायची आणि काचेतून बघून यायची. नवस मी पहिल्याच दिवशी बोलले होते. आमच्यात संकटात एलियाहू हनाबीला, एलिया संदेष्ट्याला, हाक मारतात. मूल घरी आलं, जगलं, तर तुझा मलिदा करीन, एवढंच म्हणाले. नावाचं एक अक्षर काढलं नाही.

पोरगी बदलापुरात, सॅमी-दीनाच्या कात्रपच्या घरी आली तेव्हा तिचं वजन पावणेदोन किलो होतं. दीनाने दारातच मला सांगितलं, ‘आई, नाव लगेच नाही. पाच किलोची होऊ दे, मग बघू.’ दीना म्हणजे निवाडा. तिने एकदा निवाडा दिला की अपील नसतं.

घरी आल्यावर जिवली आली. जिवली म्हणजे बाळ-बाळंतिणीला तेल लावून अंघोळ घालणारी बाई. वांगणीच्या पलीकडच्या एका वाडीवरची, साठीला आलेली, सुक्या लाकडासारखी काटक. सकाळी पहिल्या गाडीने बदलापूरला यायची, कात्रपमधली तीन-चार घरं करायची आणि दुपारी परत. समोर कलेक्टर असता तरी तिने अरे-तुरेच केलं असतं. मला पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘बाय, तू जरा बाजूला सरक. उजेड येऊ दे पोरीवर.’

पोरीला तेल चालेल का ते डॉक्टरणीला विचारून घेतलं होतं. तरी पहिल्या दिवशी जिवलीने तेलाची वाटी खाली ठेवली. पोरीकडे बघत राहिली. पोरगी दूध ओढत नव्हती, पळीने दोन थेंब जायचे आणि ती झोपून जायची. वजन चार दिवस तिथंच अडलं होतं.

‘आधीची किती गेली?’ जिवलीने दीनाला विचारलं.

‘दोन.’

‘मग हिला घरात ठेवलीस कशाला? विकून टाक.’

मला आधी रागच आला. पण ती काय म्हणते ते मला ठाऊक होतं. एकतीस वर्षांत मी कोंडाजी लिहिलेत, भिकाजी लिहिलेत, धोंडू आणि दगडू तर ढिगाने. ज्या घरात मुलं टिकत नाहीत तिथलं मूल दुसऱ्याला विकायचं, मूठभर कोंड्याला. मूल नावापुरतं परक्याचं होतं, राहतं आपल्याच घरात. मरण दारात येतं, विचारतं, या घरचं मूल कुठाय? घर म्हणतं, आमचं नाही, विकलेलं आहे. मरण फसून परत जातं. खिडकीत बसून मी या कहाण्या ऐकायची आणि ‘लिहा, अंगठा इथे’ म्हणायची.

‘जिवली, असलं काही नको. आमचं डॉक्टर चालू आहे,’ मी म्हणाले.

‘डॉक्टर चालू राहू दे ना. मी काय डॉक्टरला विकते का?’

दीनाने माझ्याकडे पाहिलं. रडून आटलेले डोळे होते तिचे. त्या नजरेपुढे माझं शिक्षण टिकलं नाही. मला माझ्या नावाची हन्नाही आठवली. तिनेही मागून घेतलेलं मूल दूध तुटल्यावर देवळात नेऊन देऊन टाकलंच होतं. दिलेलं मूल वाचतं, ही गोष्ट आमच्या पुस्तकात जिवलीच्या वाडीच्या आधीपासून आहे.

दुसऱ्या दिवशी जिवलीने गिरणीवरचा नव्या भाताचा कोंडा आणला, फडक्यात बांधून. माझ्या सुपात तो पसरला आणि त्यावर पोरीला टोपीसकट निजवली. सॅमी कामावर गेला होता, ते बरंच होतं.

‘बाय, विकली?’ जिवलीने विचारलं.

‘विकली,’ मी म्हणाले.

‘विकली?’

‘विकली.’

‘विकली?’

तिसऱ्यांदा माझा आवाज फुटला. तोंडातून शब्द गेला की हवा गेली मला माहीत नाही. जिवलीने ते धरून घेतलं, पोरीला उचलून छातीशी लावलं आणि सुपातला एक मूठ कोंडा माझ्या ओंजळीत घातला. म्हणाली, ‘आता ही माझी पोर. तुमच्याकडे ठेवली हाय. नीट सांभाळा.’ मग ती खाली बसली आणि रोजच्यासारखं तेल चोळायला लागली.

मी तो कोंडा अंबरनाथला घेऊन आले आणि फडताळात एका बरणीत घालून ठेवला.

पुढे पोरगी सुधारली. ती कोंड्याने सुधारली असं मी म्हणणार नाही. डॉक्टरणीने दीनाला सांगितलं होतं, तिला दिवसभर अंगाशी, कातडीला कातडी लावून ठेवा, दर दोन तासांनी पळीने दूध पाजा. ते दीनाने केलं, सॅमीने केलं, मी केलं. पण पळी हातात कशी धरायची, गाल कुठे दाबला की पोरगी तोंड उघडते, हे जिवलीने शिकवलं. ती रोज आल्या आल्या विचारायची, ‘काय गं, माझी पोर काय म्हणते?’ आणि आम्हीही गमतीने म्हणायला लागलो, ‘जिवली, तुझी पोर आज खूप रडली.’ जानेवारीत तीन किलो झाली. मार्चमध्ये हसायला लागली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात काट्यावर पाच किलो शंभर ग्रॅम भरली, आणि दीना मला म्हणाली, ‘आई, आता नाव.’

मी तिथेच खुर्चीवर बसले. मग सिपोरा म्हणाले. आईचं नाव मोठ्याने उच्चारलं.

दीनाने ऐकून घेतलं. म्हणाली, ‘मला आवडतं. पण आई, ही आपली कुठाय? ही जिवलीची आहे. नाव तीच ठेवणार. नाहीतर आधी परत विकत घ्या.’

सॅमी हसला. मी हसले नाही, कारण ती बरोबर बोलत होती. विकलेलं मूल परत घ्यायचं तर ज्याला विकलं ते परत द्यायचं. कोंडा परत, मूल परत. सोपं होतं. मी अंबरनाथला आले, फडताळ उघडलं आणि बरणीत साबुदाणा दिसला.

काय झालं ते उभ्या उभ्या आठवलं. एप्रिलात पेसाह झाला. आमच्या या सणाआधी घरातल्या आंबणाऱ्या, फुगणाऱ्या धान्याचा कण न्‌ कण काढून टाकायचा असतो. भिंती झाडायच्या, डबे उपडे करायचे, फडताळं पुसायची. भाताचा कोंडा आमच्यात चालतो, तो टाकायची काही गरज नव्हती. पण सफाईला लागले की मी दिसेल ते टाकते. जुनी बरणी दिसली, आत भुसा दिसला, दिला केरात. नातीची किंमत मी स्वतःच्या हाताने केराच्या टोपलीत घातली होती. देवासाठी घर साफ करताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वांगणीला गेले; जिवलीची त्या दिवशी सुट्टी होती. स्टेशनवर जिवलीचा मुलगा नितीन टमटम लावून उभा असतो, तोच मला वाडीवर घेऊन गेला. रस्त्यात नव्या बिल्डिंगींचे बोर्ड, फार्महाऊसची फाटकं आणि मधेच एखादं भाताचं खाचर. जिवली ओट्यावर बसून डोळ्यांवर चष्मा चढवून कसलंतरी शिवत होती. मला बघून तिने ते घाईघाईने मांडीखाली सारलं.

मी खरं सांगून टाकलं. कोंडा गेला. दुसरा आणते, पोतंभर आणते, पण पोर परत दे आणि नाव आम्हाला ठेवू दे.

जिवलीने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली. ‘नाय जमायचा, बाय. जो कोंडा दिला तोच पायजे. दुसरा नाय चालत. असा नियम हाय.’

‘असा कसा नियम?’

‘तुज्या हापिसात नियम होते का नाय? तसा.’

खिडकीत बसून मी लोकांना एका शिक्क्यासाठी तीनदा परत पाठवलंय. मी मुकाट बसले.

‘तू कुठला नाव काढलाय?’ तिने विचारलं.

मी सिपोरा सांगितलं, अर्थही सांगितला.

‘चिमणी?’ ती म्हणाली. ‘नको. चिमणी उडून जाती. एवढी धरून ठेवली ती उडायसाठी?’

‘माझी आई एक्याण्णव वर्षं जगली. कुठे उडाली नाही.’

‘मग झाला की. तिनं तो नाव पुरा जगला. सगळा वापरून संपवला. पोरीला उष्टा कशाला? दुसरा सांग.’

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटत असतानाच हेही कळलं की माझ्या आईबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं. मी दुसरं सांगितलं. राहेल. म्हणजे मेंढी.

‘मेंढीला कापतात.’

दबोरा. मधमाशी.

‘चांगला हाय. पण डसती.’

यायल. डोंगरातली रानशेळी. तामार, खजुरीचं झाड. लेआ, थकलेली. कुणी कुणी म्हणतात रानगाय.

जिवली मोठ्याने हसली. सुनेला हाक मारून तिने आतून बाहेर बोलावलं आणि मला परत सगळी नावं म्हणायला लावली. ‘आयक गं. मेंढी, माशी, शेळी, गाय. बाय, मी समजायचे तुमचे लोक लई शिकलेले. हे तर सगळे आमच्यावानी रानातले.’

एकतीस वर्षं आणि वर एवढं आयुष्य मी ही नावं तोऱ्यात सांगत आले. पुस्तकातली, पवित्र, अर्थाची. ती शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांनी ठेवलेली नावं आहेत हे मी वाचलेलं होतं, पण माझ्या डोक्यात ते कधी उजाडलं नव्हतं. आपली राहेल विहिरीवर मेंढ्या घेऊनच आली होती की. जिवलीच्या ओट्यावर बसली असती तर ती परकी वाटली नसती.

‘मग तूच सांग,’ मी म्हणाले. ‘तुझ्या मनात काय आहे?’

जिवलीने चष्मा काढला, पदराने पुसला. कलेक्टरला अरे-तुरे करणारी ती बाई लाजली. ‘माझा दे. जिवली. मी पाचवी. माझ्या आधीची चार गेली. मना कोंड्याला विकली, मग मी राहिले, म्हणून जिवली. वाईट नाय तो नाव. टिकला हाय.’

आणि इथे माझी जीभ पुन्हा सैल झाली. मी पटकन म्हणाले, ‘ते आमच्यात नाही चालत. पुस्तकातलंच लागतं. प्रार्थनेत म्हणायचं असतं.’

तिने उठून चहा केला, मला दिला. मी तो चटके बसत प्यायले. निघताना तिने नितीनला सांगितलं, ‘बायला नीट सोड, खड्डे बघून.’ टमटममध्ये मला स्वतःची लाज वाटली. जिने माझी नात वाचवायला तिला आपली म्हटलं, तिचं नाव मी दारात अडवलं होतं. खिडकीत मी कुठल्याही नावाला नाही म्हटलं नव्हतं.

कात्रपला पोचले तेव्हा दुपार झाली होती. दीना पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला झालं ते सगळं सांगितलं, माझ्या बोलण्यासकट. लपवलं नाही. आधीच्या दोन नावांबद्दलही बोलले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, माझ्या बोलण्याने गेली ती दोघं असं मला वाटतं.

दीना म्हणाली, ‘आई, ती आजारी होती म्हणून गेली. मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही, कारण म्हणायसारखं काही नव्हतंच. तुम्ही नावं ठेवली होती म्हणून मला रडताना हाक मारायला काहीतरी होतं. नामी म्हणून रडता यायचं. नाव नसतं तर मी कुणासाठी रडले असते?’

मी तिचा हात धरला. पोरीने आमच्या दोघींची बोटं पकडली आणि तोंडात घालायला ओढू लागली. किती वर्षांचं ओझं त्या एका दुपारी उतरलं.

मग दीनानेच विचारलं, ‘जिवलीचा अर्थ काय, आई?’

‘जगली ती. जिवंत.’

‘मग पुस्तकात या अर्थाचं कुणी नाही का?’

आयुष्यभर लोकांनी मला नाव सांगून अर्थ विचारला. अर्थ सांगून नाव कुणी विचारलं नव्हतं. मला शोधावं लागेल असं वाटलं आणि शोधावं लागलं नाही. ते पुस्तकाच्या अगदी पहिल्या पानांवर होतं. इतकं पहिलं की आमच्या ओळखीत कुणी ते ठेवतच नाही. तिने फळ खाल्लं, तिच्यामुळे सगळं झालं, असं म्हणून बायका नाक मुरडतात.

हव्वा. म्हणजे जिवंत, जगणारी.

मी पुस्तक काढून ती जागा वाचली, खात्रीसाठी. देव आदामला सांगतो, तू माती आहेस आणि मातीला मिळशील. जगातल्या पहिल्या माणसाला पहिल्यांदा मरणाची बातमी मिळाली. आणि लगेच पुढच्या ओळीत तो काय करतो? रडत नाही, भांडत नाही. बायकोचं नाव ठेवतो. जिवंत. सगळ्या जिवंतांची आई. मी हे शंभरदा वाचलं असेल. वाडीवरची माणसं जे करतात तेच त्या पहिल्या माणसाने केलं होतं. मरण ऐकलं आणि मूठभर कोंड्याएवढं एक नाव त्याच्या पुढ्यात टाकलं.

मलिदा आम्ही अंबरनाथला माझ्या घरी केला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर बदाम आणि गुलाबाच्या पाकळ्या, भोवती पाच फळं. समाजातली माणसं जमली. प्रार्थना म्हणायला एझ्रा काका आले, ऐंशी वर्षांचे. एझ्रा म्हणजे मदत, आणि त्यांनी आयुष्यभर दुसरं काही केलेलं नाही. त्यांना मी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले होते, ‘हन्ना, आमच्या आजोबांना आख्खं गाव समाजी म्हणायचं. देवाचा काही गोंधळ झाला नाही.’

जिवली दाराशी चपला काढून उभी राहिली. धुवट हिरवं लुगडं नेसली होती, नितीन मागे. ती येईल की नाही याची मला धास्ती होती. मी तिला आत आणलं, पाटावर बसवलं आणि नात तिच्या मांडीवर दिली. प्रार्थना झाली, फळांवरचे आशीर्वाद झाले. मग एझ्रा काकांनी तिला विचारलं, ‘बाई, मुलीचं नाव काय ठेवता?’

जिवलीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, ‘तुझंच ठेव. आमच्या पुस्तकात तुझं नाव आहे. पहिल्या बाईचं. हव्वा म्हणजे जिवलीच.’

‘खरा बोलतेस?’

‘देवापुढे बसून खोटं बोलेन का?’

तिने पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, ‘जिवली.’ एझ्रा काकांनी ते मोठ्याने आमच्या प्रार्थनेच्या भाषेत म्हटलं, हव्वा, शमुएलची मुलगी. सगळे आमेन म्हणाले. सॅमी रडला, आणि मी तर प्रार्थनेच्या सुरुवातीपासूनच रडत होते. नवस फेडताना मागायचं काही नसतं, फक्त आभार मानायचे असतात. मी एलियाहू हनाबीचे मानले, त्या डॉक्टरणीचे मानले, आणि मलिद्याची पहिली बशी जिवलीच्या हातात दिली.

खाऊन झाल्यावर जिवलीने पिशवीतून एक झबलं काढलं. जुन्या मऊ लुगड्याचं, हाताने शिवलेलं, त्या दिवशी मांडीखाली लपवलेलं. ‘माझ्या पोरीला,’ ती म्हणाली. पुस्तकातली हन्ना देऊन टाकलेल्या मुलासाठी दरवर्षी एक लहानसा झगा शिवून न्यायची. मी जन्मभर तिचं नाव मिरवलं. त्या दिवशी माझ्या घरात हन्ना कोण होती ते मला नीट दिसलं.

सगळे पांगल्यावर जिवली माझ्यासोबत स्वयंपाकघरात आली. कमरेची गाठ सोडून तिने फडक्याची एक पुरचुंडी काढली आणि ओट्यावर ठेवली. आत मूठभर कोंडा होता.

‘हा तोच?’ मी विचारलं.

‘तो कसा असंल? तो तू टाकलास ना,’ ती म्हणाली. ‘बाय, रागवू नको. आमच्यात कुठलाबी कोंडा चालतो. तसा काय नियम नाय. माझ्या पोरांची नावा सासऱ्यानं ठेवली, नातवंडांची मास्तरनं. मना एकदा ठेवायचा होता.’

एकतीस वर्षं नियम सांगणाऱ्या बाईला तिने नियम सांगून गप्प बसवलं होतं. मी ओट्याला धरून हसत राहिले, तीही हसत राहिली.

मग तिने पुरचुंडी माझ्याकडे सरकवली. ‘घे. हा मना परत दे आणि घेऊन जा तुझी पोर.’

बाहेर दीना झबलं घालत होती आणि पोरगी हात आत घ्यायला तयार नव्हती. मी पुरचुंडीची गाठ पुन्हा बांधली आणि फडताळात ठेवून दिली.

‘राहू दे,’ मी म्हणाले. ‘तुझीच आहे. मी नीट सांभाळते.’